डाव्या बाहीचं अस्तर

माझी बायको मोटारसायकल चालवते आणि मी मागे बसतो, हे अर्जुनी मोरगावात आता जुनं झालं आहे. सुरुवातीला बस स्टँडवरच्या पानठेल्यावरची मंडळी आम्हाला पाहून उगाच घसा खाकरायची. त्यात मी लेडीज टेलर. दिवसभर ब्लाऊज शिवायचे आणि संध्याकाळी बायकोच्या मागे बसून घरी जायचं. या दोन्ही गोष्टींची मला कधी लाज वाटली नाही. मला वाटते ती भीती, आणि ती मात्र भरपूर वाटते. सायकलवरून जातानासुद्धा मी उताराला खाली उतरून चालत जाणारा माणूस आहे. अशा माणसाच्या पदरात देवाने दामिनी टाकली.

दामिनी गाईम्हशींना कृत्रिम रेतन करते. गाय माजावर आली की लोक आता वळू शोधत हिंडत नाहीत, तिला फोन लावतात. वळूचं वीर्य गोठवून ठेवलेला नायट्रोजनचा जड डबा गाडीच्या मागे बांधून ती निघते. रस्ता कसा आहे, ऊन किती आहे, वाटेत जंगल किती लागतं, यांतलं ती काहीच विचारत नाही. विचारते एवढंच, की गाय ओरडायला लागून किती वेळ झाला. गावागावांत तिला ‘इंजेक्शनवाली बाई’ म्हणतात. पहिल्या वर्षी लोक हसले, दुसऱ्या वर्षी वासरं झाली, मग हसणं बंद झालं.

तिचं सगळं काम डाव्या हाताचं. डावा हात मागून खांद्यापर्यंत गाईच्या आत जातो आणि उजव्या हातात नळी असते. आत डोळ्यांना काही दिसत नाही, बोटांनीच पाहायचं. ती म्हणते, ‘माजा डावा हात माज्याहून जास्त शिकलेला आहे.’ मी हे मस्करीत घ्यायचो. मागच्या वर्षीपासून घेत नाही.

मागच्या वर्षी दिवाळी झाल्यावर ती केशोरीहून येत होती. केशोरी तिचं माहेर, आणि तिचं निम्मं काम त्याच बाजूला आहे. त्या दिवसांत आमच्याकडचे रस्ते अर्धे गाड्यांचे आणि अर्धे धानाचे असतात. मळलेलं धान वाळवायला डांबरासारखी जागा नाही. कडेने दगड मांडायचे, मध्ये धान पसरायचं आणि पायांनी रेघा ओढत ते वरखाली करायचं. यात कोणाला काही वावगं वाटत नाही. मी स्वतः माझ्या भावाचं धान असंच वाळवलं आहे. वळणावर समोरून ट्रॅक्टर आला, दामिनीने गाडी बाजूला घेतली, आणि चाकाखाली धान आलं. गाडी आडवी झाली. ती डाव्या कोपरावर घासत गेली.

कोपराचं कातडं गेलं, आतलं मांसही गेलं. गोंदियाच्या डॉक्टरांनी टाके घातले, महिनाभर हात गळ्यात बांधून ठेवायला लावला आणि शेवटी एक्स-रे बघून म्हणाले, ‘या वेळी सांधा वाचला. पुन्हा याच जागी मार बसला, तर हात आखडून बसेल. पूर्ण सरळ व्हायचा नाही.’

दामिनी दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना म्हणाली, ‘मंग नाही पडायचं.’ तिच्यापुरता विषय संपला. माझा तिथून सुरू झाला.

ती पुन्हा गाडीवर बसली त्या दिवसापासून माझ्या शिलाईत फरक पडला. माझं दुकान रस्त्याला लागून आहे. तिच्या यायच्या वेळेला मी मशीन थांबवायचो आणि ऐकत बसायचो. तिच्या गाडीचा आवाज मला कळतो, सायलेन्सर थोडा फाटका आहे. तो आवाज आला की मशीन चालू. कोणीतरी म्हणालं, नवीन सायलेन्सर बसवून घ्या. मी त्याच्यावर असा खेकसलो की तो परत आला नाही. एकदा फोन लागला नाही तर मी एका बाईच्या ब्लाऊजला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. बाई भली होती, हसली. मला हसू आलं नाही, कारण डावी बाही हीच माझी काळजी होती.

दामिनीचा चुलतभाऊ सोनू नागपुरात गाड्यांच्या दुकानात कामाला आहे. त्याने तिच्यासाठी स्वतःचं चामड्याचं जॅकेट आणून दिलं. तपकिरी, जाड, हातात घेतलं की खांदा खाली जाईल असं. ‘जिजाजी, हे घालून पडली तं रस्ताच घासल, दीदी नाही,’ असं म्हणाला. मी त्याचं बोलणं असंच मान्य करणार नव्हतो. मी कापडाचा माणूस आहे. मोबाइलवर पाहिलं तर मोटारसायकलसाठी कापडी जॅकेटंही असतात, कोपरांना आणि खांद्यांना गाद्या लावलेली. कापड हलकं, धुता येतं. दामिनीच्या कामात शेण, लाळ, रक्त, काय काय अंगावर उडतं. चामडं बादलीत बुचकळता येत नाही, पावसाळ्यात त्याला बुरशी येते, आणि आमच्या मे महिन्यात ते अंगात घालायला सांगणं म्हणजे शिक्षाच. मला मनातून कापडच जिंकायला हवं होतं.

म्हणून मी परीक्षा घेतली. विटांना वेगवेगळ्या गोष्टी गुंडाळून त्या सायकलला दोरीने बांधल्या आणि रेल्वे फाटकापलीकडच्या डांबरी रस्त्यावरून ओढत नेल्या. टेरीकॉट थोड्याच अंतरावर भोकाभोकांचं झालं. जीन्सचं कापड जरा तगलं, मग तेही फाटलं. चामड्याचा तुकडा मी मुन्नालालकडून मागून आणला होता. मुन्नालाल बस स्टँडजवळ चपला शिवतो. तो तुकडा फक्त खरवडला गेला होता. वीट आत सुखरूप होती. रस्त्यावरचे लोक विचारत होते, ‘देवानंदभाऊ, विटा फिरवून राहिले का गा?’ मी त्या विटेवर हात फिरवत उभा होतो. ती वीट मला कोपरासारखी दिसत होती.

तर चामडं. दामिनीने ते घातलं आणि थंडीभर वापरलं. सकाळी तलावाकाठच्या रस्त्याने धुकं असतं, त्यात ते उबदारही होतं. ती म्हणाली, ‘अंगावर कोणीतरी बसलं आहे असं वाटते.’ मी म्हणालो, बसू दे. त्या दोन महिन्यांत मी बरा माणूस झालो होतो.

मग फेब्रुवारीत केशोरीच्या धुरपताबाईंचा फोन आला. त्यांची गाय चांदी माजावर आली होती. धुरपताबाई दामिनीच्या माहेरच्या शेजारीण. दामिनी त्यांच्याच अंगणात रांगली. त्यांच्या कोठ्यात, म्हणजे गाईच्या गोठ्यात, कोणी चप्पल घालून पाऊल टाकायचं नाही. डॉक्टरसुद्धा बूट बाहेर काढतात. आणि त्या गल्लीत धुरपताबाई ज्याला हो म्हणतील त्यालाच बाकी घरं हो म्हणतात. मी त्या दिवशी सोबत होतो, कारण जावई म्हणून तिथे मला चहा आणि मान दोन्ही मिळतात.

धुरपताबाईंनी दामिनीला फाटकातच थांबवलं.

‘हे काय घालून आलीस व?’

‘जॅकेट व्हय, मावशी. पडली तं लागत नाही.’

‘कायचं आहे?’

दामिनीला खोटं बोलता येत नाही. हा तिचा गुण आहे आणि मला तो अनेकदा महाग पडला आहे. ‘कातड्याचं,’ ती म्हणाली.

‘कोनाच्या?’

‘गाईच्या का म्हशीच्या, मले काय माहीत.’

‘तुले माहीत नाही, पर माज्या चांदीले वास येते. गाईच्या कामाले गाईचंच कातडं पांघरून येतेस? काऊन, लाज नाही वाटत?’

दामिनीने जॅकेट काढून गाडीच्या आरशाला अडकवलं. तरी धुरपताबाईंचं समाधान झालं नाही. त्यांनी तिला चांदीजवळ नेलं, तिचा हात धरून गाईच्या पाठीवर ठेवला आणि म्हणाल्या, ‘म्हण. कातडं घालून या दारात येणार नाही.’ दामिनीने म्हटलं. आमच्याकडे गाईच्या पाठीवर हात ठेवून बोललेला शब्द कोणी हलका धरत नाही. मग तिने काम केलं, तोच डावा हात आत गेला, आणि चांदी गाभण राहिली.

पण त्या दिवसापासून चामड्याचं जॅकेट घरातल्या खुंटीवर गेलं. दामिनी म्हणाली, एका दाराला घालायचं नाही आणि दुसऱ्या दाराला घालायचं, असं तिला जमत नाही. ‘शब्द दिला तं दिला.’ मी भांडलो. म्हणालो, तुझ्या धुरपतामावशी तुझा हात जोडून देणार आहेत का? ती म्हणाली, ‘तुमी कापडाचं आणा ना मंग. तुमचंच म्हणणं होतं.’

मी कापडी जॅकेट मागवलं. काळं, छातीवर राखाडी पट्टा, आणि कोपराला गोल फुगवटा. दिसायला एकदम झकास. आल्याबरोबर मी डाव्या बाहीची शिवण उसवली. टेलर माणूस कापड बाहेरून बघून थांबत नाही. आत हात घातला. फुगवट्यात होता तो स्पंज. मी ब्लाऊजच्या कपात जो घालतो, तोच. चिमटीत दाबला तर बोटाला बोट लागलं. हा स्पंज डांबरावर किती वेळ टिकेल हे मला कोणी सांगायची गरज नव्हती, मी विटा ओढल्या होत्या.

दुसरं, चांगलं जॅकेट मागवता आलं असतं. पण ते यायला आठ दिवस लागणार, आणि त्याच्याही पोटात काय आहे हे कोण सांगणार? दामिनी तर उद्या सकाळीच निघणार होती. माझ्यासमोर टेबलावर उसवलेली बाही पडली होती आणि घरी खुंटीवर चामडं टांगलेलं होतं. मी दुपारी घरी गेलो, ते खाली काढलं आणि पिशवीत घालून दुकानात आणलं.

माझी सुई चामड्यात जाईना. म्हणून मुन्नालालकडून चपला शिवायची आरी आणि मेणाचा दोरा आणला. त्याला विचारलं, गाईच्या कामाला जाणाऱ्या बाईच्या कपड्यात चामडं घातलं तर पाप लागेल का? तो चपलेवरून मान न उचलता म्हणाला, ‘भैया, ढोल किससे बनता है? उसको तो लोग हाथ जोड़ते हैं.’ मला तेवढं पुरलं. खरं तर तो उलटं काही म्हणाला असता, तरी मी आरी घेतलीच असती.

चामड्याच्या डाव्या बाहीतून कोपराचा मोठा तुकडा कापला. त्याच्यामागे चपलेच्या तळाचं रबर लावलं, आणि हे सगळं कापड आणि अस्तराच्या मधे बसवून शिवण अशी बंद केली की दुसऱ्या टेलरलाही कळू नये. आयुष्यात इतकी चांगली शिलाई मी केली नव्हती आणि ती कोणाला दाखवायची सोय नव्हती. उरलेलं चामड्याचं जॅकेट दुकानातल्या पेटीत तळाशी गेलं. घरी सांगितलं, पावसाळ्यात खुंटीवर बुरशी धरेल, आत्ताच ऊन दाखवून दुकानात ठेवून देतो.

दामिनीने जॅकेट घातलं आणि हात वर-खाली करून म्हणाली, ‘डावी बाही जड लागून राहिली.’

‘चांगला स्पंज टाकला आहे,’ मी म्हणालो.

तिने विश्वास ठेवला. ती स्वतः खोटं बोलत नाही, म्हणून दुसऱ्याचं तिला ओळखू येत नाही.

मी चूक केली असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण भीती एकाची दोन झाली. आधी ती पडेल ही भीती होती. आता ती केशोरीला गेली की दुसरी. गाईच्या पाठीवर हात ठेवून दिलेला तिचा शब्द मी तिच्याच बाहीत शिवून टाकला होता, आणि ती तो घालून धुरपताबाईंच्या दारात निर्धास्त उभी राहत होती. चांदीला काही झालं तर? मी तसा देवभोळा नाही. पण उन्हाळ्यात चांदीने दोन दिवस चारा सोडला, तेव्हा माझंही जेवण सुटलं. दामिनी म्हणाली, ‘गाय गाभण आहे, तुमाले काय झालं?’ चांदी खायला लागली तेव्हा मीही खायला लागलो.

पावसाळा गेला. दिवाळी आली आणि गेली. रस्त्यांवर पुन्हा दगडांच्या रांगा लागल्या आणि पुन्हा धान पसरलं. मी दामिनीला रोज सकाळी सांगायचो, हळू चालव. ती रोज सकाळी म्हणायची, हो. आमचा संसार या दोन शब्दांवर चालला होता.

मग एका दुपारी दामिनी दुकानात बसली असताना तिला धुरपताबाईंचा फोन आला. आवाज इतका मोठा होता की मला मशीनवर ऐकू आला. ‘दामिनी, चांदीचं पाणी गेलं व. मघापासून जोर देऊन राहिली. एकच पाय दिसते. ये लवकर!’

दामिनीने डॉक्टरांना फोन लावला. ते लसीकरणाच्या कामाला तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला होते. म्हणाले, ‘मी निघतो, पण वेळ लागेल. तू जाऊन बघ आणि तिथून मला फोन लाव. मी सांगितल्याशिवाय ओढू नकोस.’ दामिनी जॅकेट घालत बाहेर पडली. मी दुकान तसंच उघडं टाकून तिच्या मागे बसलो.

‘तुमी कायले?’

‘धान बघायला,’ मी म्हणालो.

आणि खरंच, केशोरीपर्यंत मी तिच्या खांद्यावरून मान काढून ‘धान!’ ‘धान!’ असा ओरडत होतो. ती म्हणत होती, ‘दिसते मले.’ वळण आलं, जिथे मागच्या वर्षी पडली होती तेच. तिने गाडी अगदी हळू काढली. मी देवाचे आभार मानले. तिथेच चुकलो. कारण मग गाव लागलं, आणि आम्ही दोघेही बेफिकीर झालो. धुरपताबाईंची गल्ली सिमेंटची आहे. दामिनीने गाडी वेगात आत घातली, आणि फाटकासमोर, दारापासून पार पलीकडच्या भिंतीपर्यंत, धुरपताबाईंचं धान पसरलेलं होतं. मी ओरडलो तोवर चाक त्यात होतं.

मी धानात पडलो. तोंडात, कानात धान गेलं, बाकी काही झालं नाही. दामिनी सिमेंटवर पडली. डाव्या बाजूवर. घासण्याचा तो आवाज मी ऐकला आणि मला वाटलं, संपलं.

मी रांगतच तिच्याकडे गेलो. ‘वाकव,’ मी म्हणालो. ‘आधी हात वाकव.’

ती बाहीकडे बघत होती. कापड फाटून लोंबत होतं, आणि फाटलेल्यातून तपकिरी चामडं बाहेर आलं होतं, खरवडलेलं, पण अखंड. तिने बोटाने त्याला हात लावला. मग माझ्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिने माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. मी नजर वर उचलली तर फाटकात धुरपताबाई उभ्या होत्या. त्यांनीही पाहिलं होतं.

आतून चांदीचा आवाज आला. लांब, घोगरा.

‘हे कातडंच व्हय ना?’ धुरपताबाई म्हणाल्या. ‘माज्या गाईच्या पाठीवर हात ठेवला होता तू.’

‘मी लावलं,’ मी म्हणालो. तोंडातलं धान थुंकत बोललो, त्यामुळे जे म्हणायचं होतं ते धडपणे आलंही नाही. ‘तिला माहीत नव्हतं. मी चोरून शिवलं. शब्द तिने नाही मोडला, मी मोडला. जे काय लागायचं ते मला लागू द्या.’

दामिनी उठून उभी राहिली. ‘मावशी, मले खरंच माहीत नव्हतं. तुमी नाही म्हटलं तं मी इथंच थांबते, डॉक्टर येतीलच. पर ते वासरू थांबणार नाही.’

धुरपताबाई आपल्या गाईकडे बघत होत्या, मग चामड्याकडे, मग दामिनीच्या तोंडाकडे. मला वाटलं आता फाटक लावतील. त्यांनी विचारलं, ‘हात वाकते का?’

दामिनीने हात लांब केला. वाकवला. पुन्हा लांब केला. ‘वाकते.’

‘मंग उभी काऊन? ये आत.’

दामिनीने जॅकेट आणि चपला तिथेच काढून टाकल्या आणि आत पळाली. साबणाने खांद्यापर्यंत हात धुतला, तेल लावलं. फोनवर डॉक्टर बोलत होते आणि फोन मी धरला होता. दामिनीचा डावा हात आत गेला. तिने डोळे मिटले. वासराचा एक पुढचा पाय आत मुडपला होता, डोकं येत होतं पण पाय वाट अडवून बसला होता. डॉक्टर म्हणाले, जोर देऊ नको, गाय जोर द्यायची थांबली की मागे ढकल, खूर मुठीत झाक, मग वळव. ती कोपरातून हात वळवत होती. चांदी जोर द्यायची तेव्हा दामिनीचा हात आत आवळला जायचा आणि तिच्या मानेची शीर ताठ व्हायची. मी फक्त तिच्या कोपराकडे बघत होतो. इतर कुठे बघायचं मला सुचलंच नाही.

‘आला,’ ती म्हणाली. दोन्ही खूर बाहेर दिसले. डॉक्टर म्हणाले, आता दोरी, आणि गाईच्या जोराबरोबरच. धुरपताबाईंनी पदर खोचला आणि दोरीचं एक टोक स्वतः धरलं. वासरू आलं. कालवड होती, निम्मी पांढरी. दामिनीने तिच्या नाकातोंडातलं पुसलं, छाती चोळली. तिने मान हलवली आणि शिंकली. धुरपताबाई तिथेच शेणात खाली बसल्या आणि रडल्या.

डॉक्टर पोचले तोवर चांदी वासराला चाटत उभी होती. त्यांनी तपासलं, इंजेक्शन दिलं, दामिनीला म्हणाले, बरं केलंस. ते गेल्यावर माझ्या लक्षात आलं की बाहेर धानात टाकलेलं जॅकेट कोणीतरी आत आणलं आहे. ते कोठ्यातल्या खांबाच्या खिळ्याला टांगलेलं होतं. धुरपताबाईंशिवाय तिथे दुसरं कोणी नव्हतं. फाटकी डावी बाही खाली लोंबत होती. चांदीने वासरावरून मान उचलली, लांब केली, आणि त्या बाहीतलं चामडं चाटायला लागली. सावकाश, खरखरीत जिभेने, वासराला चाटत होती तसंच.

मी धावलो ते ओढून घ्यायला. धुरपताबाईंनी मला हाताने अडवलं.

‘राहू द्या, जवाईबापू. घामाचं मीठ लागत असंल तिले.’

दामिनी अंगणात बादलीपाशी बसली होती. मी तिच्या हातावर पाणी ओतत होतो. डाव्या कोपरावर लाली आली होती, कातडी कुठे फुटली नव्हती. मग तिने उजवा हात पुढे केला आणि मी पाणी ओतता ओतता थांबलो. उजव्या मनगटापासून कोपरापर्यंत खरचटलं होतं, रक्त वाळून काळं झालं होतं. पडताना तिने तोही टेकवला होता. त्या बाहीत स्पंज होता.

‘इकडं काऊन नाही लावलं?’ तिने विचारलं.

‘डॉक्टर डाव्याचं बोलले होते,’ मी म्हणालो.

‘डावा हात तं गाईचा आहे,’ ती म्हणाली. ‘उजव्या हातानं मी जेवते. तो कोनाचा आहे?’

ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. वर्षभर मी एका कोपराला जपत होतो. त्या कोपरावर तिचं काम होतं, नाव होतं, लोकांच्या गाई होत्या, म्हणून तो मी चामड्यात बांधून ठेवला होता. बाकीची दामिनी मी तशीच उघडी रस्त्यावर सोडत होतो आणि म्हणत होतो, मला तुझी काळजी वाटते. मी पुन्हा पाणी ओतायला लागलो.

दुसऱ्या दिवशी मी दुकानातली पेटी उघडली. सोनूच्या जॅकेटची पाठ, खांदे आणि उजवी बाही बाहेर काढली आणि रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही दिसेल अशी टेबलावर पसरली. मुन्नालालची आरी अजून माझ्याकडेच होती. दामिनी दारात आली. उजव्या हाताला पट्टी होती, तरी ती निघाली होती. मी उठलो आणि पहिल्यांदाच तिचं माप घेतलं, आमच्या दुकानात येणाऱ्या कोणत्याही बाईचं घेतो तसं, खांद्यापासून सुरुवात करून सगळं.